अंगाऱ्याची ओळ

फकिरा गतीर कुणाच्या सांगण्यावर विसंबत नसे. भट्टीच्या कामात तो गुण होता, घरात अवगुण.

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड उचलून नेण्याचं भांडं. त्याला आतून मातीचं अस्तर असतं. अस्तर भाजून कोरडं करतात. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल राहिली, तर लोखंड पडल्याबरोबर तिची वाफ होते आणि लोखंड उसळून माणसांच्या अंगावर येतं. म्हणून फकिरा रोज सकाळी प्रत्येक लॅडलमध्ये हात घालून उलटा पंजा अस्तराला लावायचा. "भाऊ, कालच भाजलंय," असं कुणी म्हटलं, तर दोनदा लावायचा.

घरी रंगूबाईनं, त्याच्या बायकोनं, ताटात भाकरी वाढली की तीही तो उलटी करून बघायचा.

"त्यात काय भोक हाय का?"

"बघितली फकस्त."

"लग्नाच्या आधी माझ्या बापानं तुमाला असं उलटं करून बघितलं असतं तर बरं झालं असतं."

फकिरा मूळचा घोटीकडचा. घरी भाताची खाचरं होती, पण भाऊ जास्त आणि खाचरं कमी. मिसरूड फुटल्यावर तो नाशिकला आला आणि हबीबभाईंच्या हाताखाली लागला. हबीबभाई कोकच्या भट्टीवर लोखंड वितळवायचे. ते शिकवत नसत. आधी कोक वाहून घेतला, मग राख ओढून घेतली, आणि पाठ पुरेशी वाकली असं वाटल्यावर भट्टीजवळ उभं राहू दिलं. उभं राहून जे दिसेल ते आपलं.

एकच गोष्ट हबीबभाईंनी तोंडानं सांगितली, तीही काम सोडताना. लॅडल साच्यांपाशी आली की ते कमरेच्या डबीतून मूठभर करडी भुकटी काढायचे, 'बिस्मिल्ला' म्हणायचे आणि लोखंडावर टाकायचे. बघणाऱ्यांना वाटे, दर्ग्याची उदी असेल. ती होती फेरोसिलिकॉनची बारीक पूड. ही पूड लॅडलच्या तळाला आधी घालतातच, ते सगळ्या ओतारींना ठाऊक असतं. पण भट्टीपासून शेवटच्या साच्यापर्यंत जाईतो तिचा जोर उतरतो. मग शेवटच्या नगांचे पातळ काठ पांढरे पडतात, काचेसारखे कडक होतात. वरून टाकलेली मूठ तो जोर शेवटपर्यंत टिकवते.

"मालकाला सगळं सांग," हबीबभाई म्हणाले होते. "ये मूठ मत बताना. सगळं दिलं की माणूस रिकामा झाला, फकिरा."

पुढे फकिरा नाशिकमधल्याच अंबडच्या एका फाउंड्रीत विजेच्या भट्टीवर लागला. बिस्मिल्ला त्याच्या तोंडी शोभलं नसतं, म्हणून तो मूठ टाकून हात कपाळाला लावायचा. लोकांनी ठरवून टाकलं की हा सप्तशृंगीचा अंगारा आहे. फकिरानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघता बघता तो भट्टीचा मुख्य झाला. रंग बघायचा, वर तरंगणारी मळी काढायची, आणि ओतायचं कधी ते सांगायचं. भट्टीशेजारची ती चार पावलांची जागा त्याची होती. तिथे शेठसुद्धा त्याला विचारून उभे राहत.

अठ्ठ्याण्णव साली शेठनं भट्टीच्या बाजूला काचेची केबिन बांधली. आत कॉम्प्युटर आणला आणि प्रतिभा देवरे नावाची इंजिनियर बसवली. ती नामपूरची, कांद्याच्या आडत्याची मुलगी. पुण्यात धातूंचं शिक्षण घेतलेली. घरी फोन लागला की अहिराणीत भांडायची आणि फोन ठेवला की शुद्ध मराठीत माफी मागायची. डोक्याला रुमाल बांधून भट्टीपाशी यायची, धग लागली तरी मागे सरायची नाही. एवढं फकिरानं बघून ठेवलं.

"फकिरा, मॅडमला सगळं सांगायचं," शेठ म्हणाले. "जे तुझ्या डोक्यात आहे ते पानावर आलं पाहिजे."

फकिरानं कमरेची डबी चाचपली.

हे पान म्हणजे काय, ते तिनं त्याला केबिनमध्ये बोलावून दाखवलं. पडद्यावर मराठीत लिहिलेला मजकूर होता. शाळेच्या पुस्तकात असतात तसे परिच्छेद, एक चित्रही होतं. पण मजकुराच्या मधेमधे चौकटी होत्या आणि चौकटींत आकडे.

"वाचा ना, फकिराभाऊ."

फकिरा सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं बोट धरून वाचलं. भट्टीत कच्चं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, इतकं, स्टीलचं भंगार इतकं, म्हणून कोकची पूड इतकी घालावी, असं लिहिलं होतं. बरोबर होतं.

"आता बघा." तिनं स्टीलच्या चौकटीतला आकडा खोडून मोठा आकडा घातला. बटण दाबलं. खालच्या वाक्यातला पुडीचा आकडा आपोआप बदलला. त्याखालच्या परिच्छेदातला बदलला. चित्रातली रेघसुद्धा वर सरकली.

फकिरा खुर्चीसकट मागे झाला. "आधी लिवलं हुतं ते कुठं गेलं?"

"ते बदललं. आकडा नवा, म्हणून वाक्य नवं. ह्यात लिखाण आणि हिशोब एकाच पानावर राहतात. वर काही बदललं की खालचं सगळं स्वतःच मांडून घेतं."

"म्हंजे आधीचं खोटं हुतं?"

"नाही हो. तेव्हाच्या आकड्याला ते खरंच होतं."

"असं बोलणाऱ्या माणसाला आम्ही काय म्हणतो, म्हाईत हाय का?"

"काय म्हणता?"

"पुढारी."

ती खदखदून हसली. फकिरा हसला नाही. त्यानं एका बोटानं त्या चौकटीत भट्टीत मावणार नाही एवढं स्टील लिहिलं. पानानं कुरकुर केली नाही. शांतपणे त्याचाही हिशोब मांडून दिला.

"बघा," फकिरा म्हणाला, "हे नाय म्हनत नाय. येड्यानं सांगितलं तरी मान हलवतंय."

"कुठे नाही म्हणायचं ते तुम्ही सांगा. मी त्याला शिकवते."

हे वाक्य त्यानं मनात धरून ठेवलं. आपण सांगायचं, तिनं शिकवायचं, पानानं शिकायचं. मग आपण काय करायचं?

शेजारच्या गाळ्यात भिका लेथ चालवायचा. फाउंड्रीतून निघालेली पंपाची कव्हरं त्याच्याकडे कातायला जायची. दोघांची चहाची टपरी एकच.

"काय म्हणतंय तुझं चालतं पान?" भिकानं विचारलं.

"मला खातंय थोडं थोडं."

"खाऊ दे. सगळं खाल्लं की शेठ तुला हार घालतील. हाराबरोबर नारळ बी देतील."

भिका आपल्याच विनोदावर हसला. फकिरानं कपातली साय बोटानं काढून फेकली.

पुढचे काही महिने रोज जेवणानंतर प्रतिभा त्याला बसवून घ्यायची. तो बोलायचा, ती टंकायची. त्याचे शब्द ती फारसे बदलायची नाही. 'लोखंड पिकल्यासारखं दिसलं की मळी काढावी' असं तो म्हणाला, तर तसंच लिहायची आणि खाली चौकटीत तापमान घालायची. पाचरीचं तो अर्धा तास बोलला. भट्टीतलं थोडं लोखंड पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओतायचं, निवलं की हातोड्यानं फोडायचं आणि टोकाला पांढरं किती खोल गेलंय ते बघायचं. ते पांढरं मोजून चौकटीत घातलं की लॅडलच्या तळाला घालायच्या फेरोसिलिकॉनचं वजन पान सांगायचं.

आपलं बोलणं पडद्यावर बघताना फकिराला बरं वाटायचं. बरं वाटलं की त्याला लगेच संशय यायचा. गोड बोलून काढून घेणारी माणसं त्यानं बाजारात पुष्कळ बघितली होती. तो मधेच थांबायचा, कालचं पान पुन्हा दाखव म्हणायचा, आपला शब्द जागेवर आहे का ते तपासायचा. ती दाखवायची. न कंटाळता. त्याचाही त्याला संशय आला.

एक दिवस तिनं शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. "ओतण्याआधी फकिराभाऊ लोखंडावर सप्तशृंगीचा अंगारा टाकतात." मग थोडी संकोचून म्हणाली, "चालेल ना? श्रद्धेचं आहे, म्हणून हिशोबात नाही घेतलं. नुसतं वाक्य ठेवलंय. तुमच्या पद्धतीतलं काहीच वगळायचं नाही असं मी ठरवलंय."

फकिरा पडद्याकडे बघत राहिला. मूठ पानावर होती आणि नव्हतीही. वाक्यातलं फक्त वाचायचं असतं, चालतं ते चौकटीतलं, एवढं आता त्याला कळत होतं.

"ऱ्हाऊ द्या तसंच," तो म्हणाला.

दसरा झाला आणि शेठनं दुसरी पाळी सुरू केली. त्या पाळीला भट्टीवर ठेकेदाराचा माणूस, समाधान, आला. वयानं फकिराच्या बरोबरीचा. त्याची आधीची फाउंड्री बंद पडल्यावर दोन वर्षं मिळेल ते केलेला. शेठनं फकिरासमोरच त्याला सांगितलं, "पानावर आहे तसं कर. कुणाला विचारायची गरज नाही."

समाधाननं तसंच केलं. केबिनमध्ये जाऊन प्रत्येक ओळ दोनदा वाचायचा, हाताला लागलेली काजळी पुसून चौकटी भरायचा, पाचर फोडायचा, पांढरं मोजायचा. कामात माणूस चोख होता. फकिरानं एक दिवस थांबून बघितलं आणि त्याला खोट काढता आली नाही.

आठवड्याभरात भिका तरातरा आला. हातात तुटलेल्या टूलचे तुकडे.

"काय रे, तुमची दुसरी पाळी लोखंड ओतते का दगड? काठाला टूल टेकलं की टिप उडतीय. नगावर पैसे मिळतात मला, बसून राहायचे नाय!"

"पानाला विचार," फकिरा म्हणाला.

"पानाला विचार! आणि तू कशाला गालातल्या गालात हसतोयस?"

फकिराला खरोखरच आत कुठेतरी बरं वाटलं होतं. आता पान उघडं पडणार. शेठ ते गुंडाळणार, दुसऱ्या पाळीलाही आपल्यालाच विचारणार. भट्टीशेजारची जागा पक्की. एवढा सगळा विचार त्यानं चहा संपायच्या आत करून टाकला होता.

शेठनं केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. प्रतिभानं दुसऱ्या पाळीची सगळी पानं एकेक करून उघडली. आकडे बरोबर, वजनं बरोबर, पाचरीची मापं बरोबर. तिचा चेहरा उतरला होता. "पुस्तकाप्रमाणेही तळाला इतकीच पूड लागते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला अजून दोन दिवस द्या, सर."

शेठ व्यापारी माणूस. त्यांनी सरळ वजाबाकी केली. "पान तेच. पहिल्या पाळीला माल चांगला, दुसऱ्या पाळीला खराब. म्हणजे पान बरोबर आहे. माणूस चूक आहे. ठेकेदाराला सांगतो, शनिवारपासून दुसरा पाठव."

समाधान दाराशी उभा होता. 

हे फकिराच्या हिशोबात नव्हतं. त्याला पान घालवायचं होतं. पान तिथेच राहिलं होतं आणि माणूस चालला होता.

बाहेर सायकलींपाशी समाधाननं त्याला गाठलं. "भाऊ, तुम्ही त्या दिवशी थांबून बघितलं माझं काम. माझं कुठं चुकलं ते सांगा. पुढं कुठं लागलो तर तेवढंच उपयोगी पडेल."

"पानावरचं सगळं केलं का?"

"अक्षर न् अक्षर. फक्त तो अंगारा तेवढा टाकला नाही."

"का?"

"असं काय विचारता? तो तुमच्या घरचा. तुमच्या देवीचा. आपण दुसऱ्याच्या श्रद्धेच्या डबीत हात घालत नाही, भाऊ. पोट गेलं तरी."

फकिरानं सायकलचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं. समाधानच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून त्यानं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता. फकिरा उलटा वळला आणि कारखान्यात गेला.

प्रतिभा एकटीच पडद्यासमोर बसली होती. फकिरानं कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली.

"हा अंगारा नाय."

तिनं डबी उघडली. चिमूट घेतली, बोटांत चोळली, उजेडाकडे धरली. ती धातू शिकलेली होती. तिला दुसरा शब्द सांगावा लागला नाही.

"कधी टाकता? नेमकं कधी?"

"लॅडल पयल्या साच्यापाशी टेकली की. वरून."

"प्रत्येक वेळी?"

"हबीबभाईंपासून."

तिनं डबीचं झाकण लावलं. मग बोलली ती मोठ्यानं. "फकिराभाऊ, तुम्ही इथे बसून रोज पान तपासत होता! मी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हाही समोर होता! देवाचं आहे म्हणून मी हात लावला नाही त्याला."

"म्हून तर तिथं ठेवलं."

"आणि त्या समाधानचं काय?"

"म्हून तर आलो."

तिनं रागारागानं वजनकाटा पुढे ओढला. "टाका. रोज टाकता तेवढीच." फकिरानं मूठ भरून काट्यावर सोडली. पाव किलोला थोडी कमी भरली. "पुन्हा." पुन्हा जवळजवळ तेवढीच. मग तिनं स्वतःची मूठ भरून टाकली, ती निम्मी. शिपायाला बोलावून त्याची टाकली, ती वेगळीच. "म्हणजे मूठ लिहून चालायचं नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिनं ते अंगाऱ्याचं वाक्य परिच्छेदातून उचललं. फकिरा बघत होता. वाक्य होतं तिथे क्षणभर मोकळी जागा दिसली, मजकूर सरकून ती बुजली. वर, पाचरीच्या खाली, एक नवी चौकट आली. 'वरून टाकायची पूड.' तिनं वजन घातलं, लॅडलला शेवटच्या साच्यापर्यंत लागणारा वेळ घातला. पानभर आकडे हलले.

"एक सांगू?" आता तिचा आवाज उतरला होता. "जाड नग असतात, साचे थोडे असतात, त्या दिवशी ही मूठ नको. त्या दिवशी ती उलट नुकसान करते. मागे जाड कव्हरांच्या बुडाला पोकळी निघाली होती ना, ती ह्यानंच निघाली असणार. मी तेव्हा वाळूला दोष दिला."

"हबीबभाईंनी असं कधी सांगितलं नाय."

"त्यांच्याकडे जाड नग होते का?"

फकिरा आठवत राहिला. हबीबभाईंकडे चुलीच्या जाळ्या आणि मशीनची पातळ झाकणं निघायची. जाड असं काही नसायचंच.

"असंल तुमचं बरोबर," तो म्हणाला. म्हणायला त्याला जड गेलं.

समाधान राहिला. दोनच दिवसांत भिकाचं ओरडणं थांबलं. आणि शेठनं फकिराला बोलावलं.

"इतकी वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि माझ्यापासून लपवलंस."

"मीठ कामाचं खाल्लं, शेठ."

"तोंड चालवू नकोस. काढत नाही तुला. पगार तोच राहील. पण भट्टी आता पानावर चालेल, दोन्ही पाळ्यांना. तू मागे भंगारावर जा. तिथे लपवण्यासारखं काही नाही."

हबीबभाईंचा शब्द असा खरा झाला. फकिरानं कातडी हातमोजे समाधानच्या हातात दिले आणि मागच्या दारानं निघून गेला. भट्टीशेजारच्या जागेकडे त्यानं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर लोकांना दिसलं असतं.

रंगूबाईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीही नाही. "भंगारावर? बरं झालं. आता भाकरी सोडून दुसरं कायतरी उलटं करून बघाल."

भंगाराचं काम कुणी काम म्हणून धरत नाही. ट्रक येतो, मागची फळी पडते, ढीग होतो. त्यातला एकेक तुकडा उचलायचा म्हणजे एकेकदा वाकायचं. पत्र्याच्या कडा हातमोज्यातून आत जातात. उन्हात तापलेलं लोखंड भट्टीइतकं भाजत नाही, पण दिवसभर भाजतं. आधीच्या माणसानं ढिगाला वरून दोन फावडी मारून सोडून दिलं होतं, आणि ढीग तसाच भट्टीत जात होता. फकिरानं पहिल्या दिवशी ढीग तळापासून पालथा घातला. स्टीलच्या भंगारात बिडाचे तुकडे. जस्त चढवलेला पत्रा. शिशाचा गोळा. आणि गाडीच्या शॉकअपचा एक नळा, दोन्ही तोंडं बंद, आत तेल. तो भट्टीत जाऊन फुटला असता तर समाधान जिवंत राहिला नसता.

फकिरा नळा घेऊन केबिनमध्ये गेला.

"तुमचं पान पयल्याच ओळीला फसतंय."

प्रतिभानं वर बघितलं.

"ट्रकवाला सांगतो, स्टील. चिठ्ठीवर स्टील. तुम्ही लिवता स्टील. पान मान हलवतं. हे स्टील हाय का?" त्यानं नळा टेबलावर आडवा ठेवला. तेलाचा डाग तिच्या कागदांवर पसरला. "त्याला नाय म्हनायला शिकवीन म्हनला हुता तुम्ही."

तिनं नळा हातात घेऊन हलवला. आत तेल वाजलं. तिचा चेहरा बदलला.

"कसं शिकवू? सांगा."

"पयली ओळ रिकामी ठेवा. ढीग बघून झाल्याबिगर ती भरायची नाय. आन् ती भरत नाय तोवर खालचं समदं कोरं. आकडा नाय, वाक्य नाय, काय नाय."

"होईल." ती लगेच टंकू लागली. "भंगार फकिरा गतीर यांनी तपासलं, असं लिहिते. पुढे हो किंवा नाही."

"नाव नका घालू."

"का? तुमचं काम आहे, नाव असायला हवं."

"नाव घातलं की उद्या माझ्या नावानं कुणीबी हो लिवल. मी घरी असलो तरी पान म्हनल, फकिरानं बघितलं. किती बीड निघालं, किती स्टील, ते वेगळं करून, तोलून येतो. आकडे मी सोता घालीन. आकडे आयत्या वेळी कुणाला सुचत नायत."

"सुचतात, फकिराभाऊ. लोक आकडेही बनवतात."

"बनवू दे. पाचर फुटली की पांढरं जुळणार नाय. तवा पकडा."

तिनं तो विचार करून बघितला आणि नाव खोडलं.

शेठला हे कळलं ते ट्रक उशिरा आला त्या दिवशी. भट्टी तापून उभी, वीज जळतेय, समाधान हातमोजे घालून केबिनच्या दाराशी, आणि पडद्यावर नुसतं शीर्षक. खाली पांढरं.

"काय झालंय ह्याला? बंद पडलं का?" शेठ ओरडले.

"नाही, सर. थांबलंय. पहिली ओळ भरलेली नाही."

"मग भर ना! चिठ्ठी आहे की तुझ्याकडे!"

"चिठ्ठीवरून भरता येतं," प्रतिभा म्हणाली. "पण मी भरणार नाही." आणि तिनं तो तेलाचा नळा, जो तिनं जपून ठेवला होता, शेठच्या समोर ठेवून आत काय आहे ते सांगितलं.

शेठ मागच्या दारात आले. फकिरा ढिगात गुडघाभर उभा होता. "अरे, किती वेळ? तिकडे माझं बिल वाढतंय!"

"खालचं बघायचंय अजून."

"वरचं बघितलंस ना?"

"वरचं ट्रकवाल्यानं दाखवायला ठेवलेलं असतं, शेठ."

शेठ तोंडातल्या तोंडात काही बोलले. समाधाननं हातमोजे काढले, दारातून बाहेर आला आणि काही न विचारता ढिगाच्या दुसऱ्या टोकाला वाकला. फकिरानं त्याला दोनदा टोकलं, "तो नको, बीड हाय. वाजवून बघ." मग टोकायचं सोडलं, पण समाधाननं बाजूला टाकलेला प्रत्येक तुकडा जाताना पुन्हा बघितला.

तोलून झालं तेव्हा फकिरा केबिनमध्ये आला. खुर्चीवर बसला नाही, कपडे खराब होते. प्रतिभानं कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"बोट पुसा आधी."

त्यानं बोट पँटला पुसलं आणि एकेक आकडा शोधून दाबला. बीड. स्टील. मग मोठं बटण. कोरं पान भरू लागलं. कोकच्या पुडीचं वाक्य आलं, पाचरीचं आलं, रेघ आली. समाधान वाचून भट्टीकडे धावला. शेठ घड्याळ बघत गेले.

फकिरा हलला नाही.

"झालं, फकिराभाऊ. जाऊ शकता."

"स्टीलचा आकडा बदलून दावा बरं एकदा."

"कशाला?"

"खालचं हलतंय का बघू द्या."

तिनं बदलून दाखवला. खालचे आकडे हलले. तिनं पुन्हा त्याचा आकडा घातला. खालचे आकडे परत आपल्या जागी आले.

"बास?"

"अजून एकदा," फकिरा म्हणाला.